मोगरी

“काही दुखणार नाही हं, बाळ,” असे मी म्हणालो, तेव्हा ते खोटे आहे हे मला पुरते ठाऊक होते. माझ्या पुतण्याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या पावलावर कढत चहा सांडला होता. दर दोन दिवसांनी पट्टी बदलावी लागे. वेदनाशामक औषध आधी दिलेले असे. पण चिकटलेली पट्टी सुटताना जी कळ उठते, ती औषधाने सगळी मरत नाही. पोरीने दवाखाना डोक्यावर घेतला, आणि घरी परतल्यावर एकच वाक्य म्हणाली, “आबा, तुम्ही खोटं बोललात.” तीस वर्षे महाविद्यालयात शब्दांचे मोल शिकवणाऱ्या माणसाला इतका नेमका अभिप्राय आजवर कोणी दिला नव्हता. पुढच्या खेपेस ती माझे बोट धरायलाही तयार होईना.

मोठ्या माणसांची ही खोड जुनी आहे. मुलाला दुखते हे आपल्याला सोसवत नाही, म्हणून आपण ते दुखणेच नाकबूल करतो. विद्वानही याला अपवाद नव्हते. १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील रुग्णालयांत नवजात अर्भकांवर पुष्कळदा अगदी जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इतक्या कोवळ्या जिवाला वेदना कळत नाही, अशी समजूत! इंदूरला वैद्यक शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांच्या संशोधनाने १९८७ साली तिला जबर हादरा दिला. तेव्हा गोष्टी सांगून औषध वाचवावे असे मी म्हणतो आहे, असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. औषध द्यावेच; प्रश्न आहे तो त्यानंतरही उरणाऱ्या कळेचा.

त्या दवाखान्यातील परिचारिकाबाई माझ्याहून शहाण्या. त्या म्हणाल्या, “तिला खरं सांगा. आणि थांबायचं कधी, ते तिला ठरवू द्या.” थांबण्यासाठी एक शब्द हवा होता. तो पोरीनेच दिला : मोगरी! आमच्या पिंप्राळ्याला आषाढी एकादशीस रथ निघतो. पिंप्राळा आता जळगाव शहरात सामावले असले, तरी त्या दिवशी ते पुन्हा आपले स्वतंत्र गाव होते. दोर ओढणारे पुष्कळ. पण तो अवजड रथ वळतो आणि थांबतो तो चाकाखाली लाकडी मोगरी लावणाऱ्यांच्या कसबावर. लोक दर्शन घेतात देवाचे. ही पोर माझ्या खांद्यावर बसून पाहत होती ती मोगरीवाल्यांना.

ठरले. ती ‘मोगरी’ म्हणाली की बाईंचे हात थांबायचे. तिने एक लांब श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा (उपमा अंमळ निर्दय, पण तिचीच) हळूहळू सोडायचा. मी गुडघ्याजवळ चोळत बसायचो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये असे मांडले की, मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते. स्पर्शाने आणि मनाच्या अवस्थेने ते कमीअधिक लोटले जाते. तपशिलात पुढे फेरफार झाले. पण आजीच्या चोळण्याला शास्त्राच्या दरबारात जागा मिळाली, याचे मला समाधान आहे.

पहिल्या दिवशी तिने अकरा वेळा मोगरी लावली. बाहेर रांग खोळंबली होती, तरी बाई अकराही वेळा थांबल्या. तिसऱ्या खेपेस दोनदाच.

शेवटच्या पट्टीच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर थबकून तिने विचारले, “आबा, आज दुखेल?”

“थोडं दुखेल,” मी म्हणालो.

तिने माझे बोट धरले.