वीज नसतानाचा संगणकाचा तास

शाळेतल्या संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून रांगेत उभं राहायचं, हे तुमच्यापैकी किती जणांना आठवतंय? मी ज्या शाळेतून २००८ साली निवृत्त झाले, तिथे देवघरापेक्षा जास्त सोवळं त्या खोलीचं होतं. संगणकांवर प्लॅस्टिकची आच्छादनं, खिडक्यांना जाड पडदे आणि किल्ली कारकुनांच्या ड्रॉवरमध्ये. त्यात भारनियमन! संगणकाचा तास आणि वीज यांची गाठ क्वचितच पडायची. मग तो वर्ग माझ्यासारख्या मराठीच्या बाईंकडे यायचा. मुलांच्या वह्यांत लिहिलेलं असायचं: संगणकाचे जनक कोण? चार्ल्स बॅबेज. इनपुटची साधने कोणती? कीबोर्ड, माऊस. पाठांतर चोख! पण एखाद्यानं विचारलं की बाई, ह्या यंत्राला कळतं कसं, तर त्याचं उत्तर वहीत नसायचं.

तसं पाहिलं तर शाळांना यंत्रं द्यायचे प्रयत्न बरेच जुने आहेत. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात बीबीसी मायक्रो नावाचे संगणक काही निवडक शाळांत आले होते. २००४ मध्ये 'आयसीटी ॲट स्कूल्स' ही योजना आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर 'संगणकीय विचार' शिकवा असं स्पष्टच म्हटलंय. धोरणं आली, काही ठिकाणी यंत्रंही आली. पण वर्गात उभं राहून ३५ मिनिटांत करायचं काय, हा प्रश्न शेवटी बाईंचा किंवा सरांचाच असतो.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी भाची. ती एका तालुक्याच्या गावी आठवी-नववीला शिकवते. वर्गात मुलं ४६, संगणक ८, त्यातले चालू ५. दिवाळीत आली ती कागदांचा गठ्ठा घेऊनच. म्हणाली, "आत्या, एका मशीनवर नऊ-दहा पोरं. एक जण माऊस धरतो, बाकीचे त्याच्या डोक्यावरून बघतात. मी शिकवू कसं?"

त्या गठ्ठ्यात 'सीएस अनप्लग्ड'चे खेळ होते. न्यूझीलंडमधल्या कॅंटरबरी विद्यापीठातले टिम बेल यांनी इयान विटन आणि माईक फेलोज यांच्याबरोबर १९९० च्या दशकात हे रचले. संगणकशास्त्र शिकवायचं, पण संगणक न वापरता! सगळं साहित्य फुकट आहे. आपल्याकडे २०१६ पासून 'एसीएम इंडिया'चा 'सीएसपाठशाळा' हा उपक्रमही अशाच पद्धतीने शाळांसाठी काम करतोय.

मग काय, फराळाची ताटं बाजूला सारली आणि सतरंजीवर पत्ते मांडले. पाच ओळी, प्रत्येकीत पाच पत्ते. काही उताणे, काही पालथे, कसेही. भाची म्हणाली, "थोडं अवघड करते हं," आणि तिने सहावा रकाना आणि सहावी ओळ जोडली. झाले ३६ पत्ते. मग ती पाठमोरी बसली आणि म्हणाली, "कुठलाही एक पत्ता उलटा करा." आमच्या बंधुराजांनी केला. तिने वळून क्षणात तोच पत्ता दाखवला. बंधुराज लागोपाठ तीनदा हरले आणि बाहेर कुठे आरसा लावलाय का ते बघून आले! (हे वाचून रागावू नकोस रे दादा.)

युक्ती त्या जादा पत्त्यांत आहे. ते मांडताना तिने प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत उताण्या पत्त्यांची संख्या सम केली होती. एक पत्ता उलटला की एक आडवी आणि एक उभी ओळ विषम होते. त्या दोघी जिथे छेदतात, तिथे चोर. संगणकही माहिती पाठवताना तिच्यासोबत असं थोडं 'जादा' पाठवतात, म्हणजे वाटेत काही बिघडलं तर ते पकडता येतं.

तिच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "मॅडम, दोन पत्ते उलटले तर?" उत्तर न देता तिने सगळ्यांना करून बघायला लावलं. गडबड झालीय हे कळतं, पण कोणते दोन ते नक्की सांगता येत नाही. आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरचे चार उलटले, तर काहीच कळत नाही! माझ्या मते हा प्रश्न विचारला गेला तेव्हाच खरा तास झाला.

पुढचं साहित्य तर घराघरात असतं: बिस्किटाचा पुडा. त्यावरच्या पट्ट्यांखाली १३ अंकी आकडा असतो, आपल्याकडच्या मालावर बहुधा ८९० ने सुरू होणारा. पहिला अंक एकने गुणा, दुसरा तीनने, तिसरा पुन्हा एकने, असं शेवटपर्यंत करून बेरीज करा. तिच्या शेवटी शून्यच येतं. एखादा अंक चुकला की शून्य जातं. पण शेजारशेजारच्या २ आणि ७ ची अदलाबदल केली तर चूक सुटून जाते, कारण त्यांच्यात पाचचा फरक आहे. का सुटते ते तुम्हीच कागदावर मांडून बघा. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच राखणदार आहे, मात्र त्याची रीत वेगळी.

तिसरा खेळ मैदानावरचा. फक्कीने रेघा आणि गोल आखायचे, सहा मुलांच्या हातात सहा आकडे द्यायचे. प्रत्येक गोलात दोघं भेटतात. लहान आकड्याचा डावीकडे जातो, मोठ्याचा उजवीकडे. पलीकडच्या टोकाला सगळे क्रमाने लागून बाहेर पडतात. यात मी माझी भर घातली. म्हटलं, आकड्यांऐवजी मराठी शब्द दे. कमळ, क्षमा, हरण, ज्ञान, लाडू, जहाज. भाचीचा फोन आला तो हसतच. 'क्षमा'वरून वर्गात जोरदार भांडण झालं होतं! क्ष शेवटी येतो की क मध्ये? आपल्या वर्णमालेत तो ह आणि ळ नंतर येतो, काही शब्दकोशांत क खाली सापडतो. आणि संगणक तर क्ष हे एक अक्षर म्हणून साठवतच नाही. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं साठवतो. कुठला क्रम लावायचा हे माणसानेच ठरवून सांगावं लागतं. यंत्राला कळत नाही, त्याला सांगावं लागतं, हे त्या भांडणात मुलांना जेवढं उमगलं तेवढं पानभर व्याख्या लिहूनही उमगलं नसतं.

मला स्वतःला सगळ्यात आनंद झाला तो वृत्तांमुळे. 'यमाताराजभानसलगा' आठवतंय ना? लघु आणि गुरू, दोनच चिन्हं. तीन अक्षरांचा एक गण, म्हणून गण बरोबर आठ: दोन गुणिले दोन गुणिले दोन. आणि दहा अक्षरांच्या त्या सूत्रात कुठूनही सलग तीन अक्षरं उचला, दरवेळी वेगळा गण मिळतो. आठच्या आठ! लघुला शून्य आणि गुरूला एक म्हणा, की झाली संगणकाची भाषा. मराठीच्या तासाला फळ्यावर जे लिहीत आले, ते भाचीने जसंच्या तसं संगणकाच्या तासाला वापरलं.

पण एक गोष्ट मनात खुपते. पत्ते आणि फक्कीने इतकं होतं म्हटल्यावर उद्या कोणी म्हणेल, मग खेड्यातल्या शाळांना यंत्रं कशाला? हे म्हणजे विहिरीच्या काठावर हातवारे करून पोहायला शिकवण्यासारखं आहे. आपण लिहिलेली सूचना यंत्राने तंतोतंत पाळावी, भलतंच काहीतरी व्हावं, मग आपणच सुधारावी, हा अनुभव पत्ते देऊ शकत नाहीत. त्यासाठी पोरांचे हात कीबोर्डवर पडायलाच हवेत. एमआयटीचं २००७ मध्ये आलेलं 'स्क्रॅच' फुकट मिळतं आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. भाचीने आता पाळ्या लावल्यात: निम्मा वर्ग मैदानात खेळतो, निम्मा खोलीत, आणि दर सात मिनिटांनी माऊस पुढच्याकडे.

बंद पडलेले ते तीन संगणक दुरुस्त करून मिळावेत म्हणून तिने अर्जही केलाय, तिसऱ्यांदा. या वेळचा मसुदा मी तपासून दिला. शुद्धलेखनाच्या चुका दोन निघाल्या, बाकी मागणी बरोबर होती. तुमच्यापैकी कोणाला जुनी यंत्रं दुरुस्त करता येत असतील, किंवा पत्त्यांचे असे आणखी खेळ माहीत असतील, तर मला जरूर कळवा.