कांद्याच्या वावरात ऊन कुणाला लागतं?

मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या वावरात एक मावशी पडल्या. ही गोष्ट मी आजवर इथं लिहिली नव्हती. लाज वाटत होती, दुसरं काही कारण नाही. आता पुन्हा कांदा काढणी सुरू आहे आणि येत्या १ मेला ग्रामसभा आहे, म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण शेती असणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांदा निघतो तो ऐन उन्हात. त्यात अवकाळीची धास्ती. आभाळ भरून आलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या आठवड्यातही तसंच होतं. चौदा बायकांच्या टोळीला मी दोन एकर उक्तं दिलं आणि म्हटलं, "कसंही करा, पण परवापर्यंत वावर मोकळं करा." दुपारी दीडला मी बांधावरच्या लिंबाखाली बसून मोबाईल बघत होतो. उष्णतेच्या लाटेचा यलो अलर्ट आला होता. वाचला आणि मोबाईल खिशात टाकला.

तेवढ्यात कांदा कापत असलेल्या मावशी विळा टाकून उठल्या आणि भलतीकडंच चालायला लागल्या. "गाय सुटली, गाय सुटली" म्हणत होत्या. वावरात गाय नव्हती. दोघीतिघी हसल्यासुद्धा. मग मावशी मटकन खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी तोंडात पाणी ओतायला लागलं. अंग घामानं भिजलेलं होतं, म्हणून मला वाटलं, ऊन नसेल लागलं, चक्कर असेल. गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. विहीर तिथून पन्नास पावलांवर, मोटार चालू, पण अंगावर पाणी ओतायचं एकालाही सुचलं नाही.

मावशी वाचल्या. डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते प्रत्येकानं लक्षात ठेवावं. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला की तो उष्माघात समजायचा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा गैरसमज आहे. मेहनतीचं काम करणाऱ्याला घाम सुटत असतानाही तो होतो. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या पुढं गेलं की मेंदू, किडनी, लिव्हर, सगळ्यावर परिणाम होतो आणि एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. आधी सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. आणि कांदा नाकाला लावून काही होत नाही. हे मी, कांदा पिकवणारा माणूस, सांगतोय.

आणखी एक गोष्ट कळली. मावशी महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्या दिवशी कामावर त्यांचा पहिलाच दिवस होता. शरीराला उन्हातल्या कामाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि सगळ्यात जास्त धोका सुरुवातीच्या दिवसांतच असतो. आपण मात्र नव्या माणसाला पहिल्याच दिवशी इतरांच्या बरोबरीनं सरीला लावतो.

दवाखान्याचं बिल मी भरलं. गावात लोक म्हणाले, "भला माणूस." पण मावशींचे नंतरचे वीस दिवस बुडाले, त्याचं काय? तो रोज मी दिला नाही. तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

यंदा काढणीच्या आधी मी टोळीतल्या बायकांना विचारलं, काय केलं तर सोपं जाईल? मला वाटलं होतं, पाणी म्हणतील. एकीनं सरळ विचारलं, "भाऊ, पाणी पिऊन जायचं कुठं?" मी गप्प बसलो. उघडं वावर, ना झाड ना आडोसा. म्हणून बायका सकाळपासून पाणीच कमी पितात. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला आपण वर्षानुवर्षं देतोय आणि तो का पाळला जात नाही, हे कधी विचारलंच नाही.

दुसरी म्हणाली, "उक्तं घेतल्यावर बसायचं कसं? बसलं तेवढे पैसे गेले." हेही खरं. उक्त्यात विश्रांतीची किंमत मजूर स्वतःच्या खिशातून भरतो.

मग यंदा मी असं केलं. सकाळी सहा ते अकरा काम, मग सुट्टी, गरज पडली तर चार ते साडेसहा. उक्तं बंद, रोजावर काम, आणि रोज पूर्ण. वावराच्या मधोमध चार बांबू रोवून ग्रीन नेट. कडेला साड्या आणि बारदानाचा आडोसा. आणि पाणी. उन्हात राबणाऱ्याला दर वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर लागतं. चौदा बायका, पाच तास, म्हणजे साठ-सत्तर लिटर झालं. मागच्या वर्षी मी एक कळशी ठेवली होती. यंदा वीस लिटरचे चार जार. शिवाय मीठ-साखरेचं पाणी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सहाला वावरात यायचं तर घरचा स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं उरकायला बायकांना साडेतीनला उठावं लागतं. दोघींनी त्यामुळं काम सोडलं. मग बाकीच्यांनीच सुचवलं म्हणून साडेसहा केलं आणि सकाळची न्याहारी माझ्याकडून. दोन एकराला दोन दिवस जास्त लागले आणि रोज धरून खर्च वाढला. त्या दोन दिवसांत आभाळ आलं तेव्हा माझीही झोप उडाली.

मला माहीत आहे, खाली कमेंट येणार: "कांद्याला भाव नाही आणि तुम्ही मजुरांचं घेऊन बसलात." भावाचं दुखणं मलाही आहे. पण भाव पडला म्हणून कुणाच्या जिवावर खर्च वाचवायचा, हे मागच्या वर्षी माझ्याकडून झालं. पुन्हा नको.

हे ऊनही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. हवामान खातं सांगतं ते तापमान सावलीतलं असतं, भर उन्हात वाकून काम करणाऱ्याच्या अंगाला त्याहून जास्त बसतं. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वाडोरमध्ये उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या निकामी झाल्या. डायबिटीस नाही, बीपी नाही. रोजची उष्णता आणि शरीरातलं पाणी कमी होणं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. कतारनं २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरच्या कामावर बंदी घातली. आपल्याकडं रोजगार हमीच्या कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी हवी, असं २००५च्या कायद्यात लिहिलेलं होतं. मग खासगी वावरात काम करणाऱ्या बाईनं काय पाप केलंय?

म्हणून १ मेच्या ग्रामसभेत मी चार गोष्टी मांडणार आहे. एप्रिल-मेमध्ये गावात अकरा ते चार वावरातलं काम बंद, आणि रोज कापायचा नाही. ग्रामपंचायतीनं दहा-बारा ग्रीन नेट आणि आडोशाचे पडदे घ्यावेत, ज्याची काढणी त्यानं न्यावेत. आशाताईंनी प्रत्येक टोळीला उष्माघाताची लक्षणं आणि पहिला उपचार शिकवावा. आणि ज्याच्या वावरात माणूस पडेल, त्यानं बुडालेले रोज द्यावेत.

यातली चौथी गोष्ट मंजूर होणं अवघड आहे, ठाऊक आहे मला. म्हणून आधी स्वतःपासून सुरुवात केली. परवा मावशींच्या घरी जाऊन वीस दिवसांचे पैसे देऊन आलो. त्यांनी आधी घेतले नाहीत. मग घेतले, आणि म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी गाय खरंच दिसली होती रे मला."

गावातल्यांनी १ मेला या. बाहेरच्यांनी तुमच्याकडं काढणीच्या वेळा काय आहेत, ते कमेंटमध्ये सांगा. आणि पहिल्या उपचाराचा परिच्छेद तरी आपापल्या ग्रुपवर टाका.