पाणी सोडले

आष्ट्याच्या आमच्या घरी थोरल्या बंधूंची एक वही आहे. मराठीच्या अध्यापनात वीस वर्षे गेली, नाना शैलींचा ऊहापोह वर्गात केला. पण या वहीकडे ‘मजकूर’ म्हणून पाहण्याचे आम्हांला कधी सुचले नव्हते. तीत दादांच्या डिझेल पिकअपच्या नोंदी आहेत : तारीख, किलोमीटर आणि पुढे दोनतीन शब्द. ‘ऑइल बदलले.’ ‘पाट्यांना ग्रीस मारले.’ ‘एअर फिल्टर झाडला.’ ‘पाणी सोडले.’ विशेषण नाही, कर्ताही नाही.

गेल्या पावसाळ्यात दादांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. दोन महिने गाडी आमच्याकडे आली. चालवायला चालक होता. देखभाल तेवढी आम्ही पाहायची होती. गाडी सुरळीत चालत होती, म्हणून काही करण्याचे कारण आम्हांला दिसले नाही. वहीही उघडली नाही. मग एके पहाटे वांगी आणि ढोबळी मिरची भरून सांगलीकडे निघालेली गाडी झटके देत वाटेतच बंद पडली. निम्मा माल शेजाऱ्यांचा होता.

मेस्त्रींनी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तर आधी पाणीच आले. पाणी डिझेलहून जड, म्हणून ते खाली साचते. या इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये हे तत्त्व चालत्या इंजिनात सिद्ध करून दाखवले. पंपाला आणि नोझलला वंगण मिळते ते डिझेलचेच. तेथे पाणी शिरले की गंज आणि झीज. ते सोडायला पाच मिनिटे पुरतात. आम्ही पाणी सोडले नाही, म्हणून मालावर पाणी सोडावे लागले. गाडी सुरू होईतो सौदे आटोपले होते.

दादांनी अंथरुणावरूनच विचारले, “पाणी सोडलं हुतंस का?” आम्ही गप्प राहिलो. शेजाऱ्यांनी नुकसानीचा शब्दही काढला नाही, हे अधिक लागले.

आमच्याच सांगली जिल्ह्यात, १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत, कारखान्याची माहिती देण्यासाठी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिच्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक घडले. यंत्र आणि साहित्य यांचे हे नाते आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. परंतु साहित्याला ओढ असते ती मोडण्याची. बंद पडलेल्या गाडीची कथा होते. न बंद पडलेल्या गाडीची होत नाही. देखभाल यशस्वी झाली की सांगण्याजोगे काही उरतच नाही. दादांच्या वहीत कर्ता का नसतो, हे आम्हांला तेव्हा उमगले. व्याकरणात आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून मोकळे होतो.

दादा आता हिंडूफिरू लागले आहेत; पण वाकण्याची कामे आमच्याकडेच आहेत. पहिल्यांदा फिल्टर मोकळा केला, हातपंपाने हवा काढली, इंजिन सुरू करून पाहिले आणि वहीत लिहिले : ‘आज आम्ही पाणी सोडले.’

दादांनी वही जवळ ओढली आणि पहिले दोन शब्द खोडले.