भाचेबुवांचं वाचनालय

डोंबिवली,
भाऊबीजेनंतरचा रविवार

प्रिय ताई,


भाचेबुवा मजेत आहेत. पोटभर जेवतात, आणि चकल्यांचा डबा त्यांनी जवळजवळ एकट्यानेच संपवलाय. तू फोनवर सारखी विचारतेस, "पुस्तकं उघडली का त्याने?" नाही उघडली. तू बॅगेत घातलेली सगळी पुस्तकं प्लास्टिकच्या वेष्टनासकट तशीच आहेत. तरीही तो वाचतोय. ते फोनवर सांगायला गेले की तू मधेच "पण मराठी वाचतो का?" म्हणणार आणि मूळ गोष्ट राहून जाणार, म्हणून हे पत्र.

झालं असं की आईला दिवाळी अंक बदलायचा होता. आमच्या वाचनालयातली अंकांची योजना तुला माहीत आहेच: वेगळी वर्गणी भरायची आणि पुढे कित्येक महिने अंकांची ने-आण करायची. 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा पडली. बहुधा तेव्हापासूनच आपल्याला हवा तो अंक 'बाहेर गेलेला' असतो. आई तर यादी करून जाते आणि यादीतला एकही अंक न मिळता परत येते. त्या दिवशी सगळेच निघालो. आमचे हे जिना चढताच वर्तमानपत्रांच्या स्टँडपाशी जे उभे राहिले, ते आम्ही निघेपर्यंत तिथेच. राहिलो आई, मी आणि तुझा लेक.

वाचनालय जुन्या वळणाचं. काउंटर, त्यावर याद्यांची जाडजूड रजिस्टरं, मागे कपाटं. आपण नंबर लिहून द्यायचा आणि काउंटरवरच्या काकांनी आत जाऊन पुस्तक आणायचं. आईचं झाल्यावर काकांनी चष्म्यावरून खाली बघत याला विचारलं, "बोला साहेब, कोणतं पुस्तक देऊ?" साहेब म्हणाले, "मला नाही माहीत. आत काय काय आहे?"

ताई, मला हसू आलं, पण पोराचं म्हणणं बिनतोड होतं. नाव माहीत असेल तरच पुस्तक मिळणार, ही व्यवस्था तुझ्यामाझ्यासारख्यांची. सात वर्षांच्या मुलाला कुठून माहीत असणार? त्याला आधी दिसायला हवं, मग हवंसं वाटणार. मद्रासमध्ये गणित शिकवता शिकवता ग्रंथपाल झालेल्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं आणि पुस्तकालाही त्याचा वाचक मिळायला हवा, ही त्यातलीच दोन. वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ द्यावं, असा त्यांचा आग्रह होता तो यासाठीच. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, सयाजीराव महाराजांनी बोर्डेन नावाचा ग्रंथपाल खास अमेरिकेहून बडोद्याला आणला. तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग निघाला आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. शंभर वर्षं उलटून गेली. आमच्याकडे मुलांची पुस्तकं अजून काउंटरच्या पलीकडेच.

काका जरा घुटमळले. मग ग्रंथपाल बाई उठल्या, काउंटरची फळी उचलली आणि म्हणाल्या, "जा आत, पण कपाटावर चढायचं नाही." नियमात बसत होतं की नाही कोण जाणे. त्या बाईंना माझा नमस्कार.

आत गेल्यावर त्याने जे केलं ते तू पाहायला हवं होतंस. कुठलंसं जाड, गुळगुळीत पानांचं अंतराळावरचं पुस्तक काढलं, चित्रं पाहिली, ठेवून दिलं. एक विनोदी गोष्टींचं काढलं, एक पान वाचलं, ठेवून दिलं. 'फास्टर फेणे'चं नुसतं मुखपृष्ठ बघितलं. माधुरी पुरंदऱ्यांच्या 'राधाचं घर'मधलं एक पुस्तक हातात घेऊन "हे तर बेबी लोकांचं आहे" म्हणाला, आणि ते बेबी लोकांचं पुस्तक कपाटाला टेकून उभ्याउभ्या संपवलं. मी काही बोलले नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अरे, एक काय ते ठरव."

मग सगळ्यात खालच्या फळीवर त्याला 'चांदोबा'चे बांधीव खंड सापडले. तपकिरी रेक्झिनचा पुठ्ठा, कण्यावर पांढऱ्या शाईत नंबर, पानं चहात बुडवल्यासारखी पिवळी. उघडल्या उघडल्या विक्रम-वेताळ: स्मशान, उपसलेली तलवार, राजाच्या खांद्यावर प्रेत. आणि वाचनालयाचा जांभळा शिक्का नेमका राजाच्या मिशीवर! तो तिथेच फरशीवर बसला. "मावशी, हा मेलेल्या माणसाला कुठे नेतोय?" मी म्हटलं, "वाचून बघ." बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत, जोडाक्षराला अडखळत वाचायला लागला. 'स्मशान' शब्दापाशी बराच वेळ झटापट झाली, पण माघार घेतली नाही. राजाने प्रेत कुठे नेलं हे कळल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हती ना!

घरी येताना रस्ताभर वादावादी. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोकं फुटणार आणि बोलला तर वेताळ उडून जाणार. "मग राजाने करायचं काय, आजी?" आई म्हणाली, "पुन्हा झाडाकडे जायचं." त्याला हे मुळीच पटलेलं नाही. राजाने कागदावर लिहून द्यावं, असा त्याचा तोडगा आहे.

बांधीव खंड घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचावे लागतात. याचा मला आधी राग आला, पण आता वाटतं, बरंच झालं. खंड घरी आला असता तर टीव्हीच्या टेबलावर पडून राहिला असता. आता रोज सकाळी "वाचनालय किती वाजता उघडतं?" म्हणून डोकं खातो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तर दारावरची पाटी त्याने मला दोनदा वाचून दाखवली, तीही मराठीतच. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल.

राग मानू नकोस, पण तू आणलेली पुस्तकं चांगलीच आहेत, नव्हे, फारच चांगली आहेत. वयोगट बघून, परीक्षणं वाचून, पारितोषिकं तपासून घेतलेली. त्यात त्याचं स्वतःचं असं काहीच नाही, एवढीच अडचण. शिवाय विकतच्या पुस्तकामागे पैसे असतात, ते अर्धवट टाकलं की आपला चेहरा बदलतो आणि मुलांना तो बरोबर दिसतो. वाचनालयातलं पुस्तक नाही आवडलं तर परत करायचं, कुणाचं काही जात नाही. पुस्तक नाकारता येणं हाही वाचनाचाच भाग आहे, आणि तो घरच्या कपाटापुढे शिकता येत नाही, कारण त्या कपाटात आपणच आधी निवडून ठेवलेलं असतं.

वाचनालयांचं सगळं आलबेल आहे असं नाही. आपल्या राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदानं आहेत. पण बाईंच्या टेबलाशी पाच मिनिटं बसलं की कळतं, त्यांचं निम्मं आयुष्य अनुदानाची वाट बघण्यात आणि गळक्या छताखालची कपाटं सरकवण्यात गेलंय. मुलांसाठी नवीन पुस्तकं फारशी दिसली नाहीत. तुझ्या त्या वेष्टनातल्या पुस्तकांवर माझा डोळा आहे, हे सांगून ठेवते. त्याला विचारलं, तर म्हणाला, "देऊन टाक, मग मी तिथे जाऊन वाचीन."

पुण्यात तर तुला सबबच नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून, आणि तुमच्या भागातही एखादं असेलच. कुठेही जा, पण आधी एवढंच विचार: मुलांना कपाटापर्यंत जाऊ देता का? नाही म्हणाले तर गोड बोलून फळी उचलायला लाव, ते तुला जमतं. आत गेल्यावर मात्र त्याच्या मागे उभी राहू नकोस, वर्तमानपत्रांपाशी जाऊन बस. आणि कार्ड त्याच्या नावावर काढ, तुझ्या नको.

शनिवारी कल्याणहून सकाळची गाडी पकडून आम्ही त्याला पोचवायला येतोय. शाळा सोमवारी सुरू होते, एकदा ती गडबड सुरू झाली की कार्ड राहूनच जाईल. तेव्हा आम्ही येण्याआधीच वाचनालयाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी विचारून ठेव.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी