ओठांचे मेण आणि मनाची मैत्री

थायलंडची सहल करून येणारे आपले लोक डोकेदुखीच्या बामच्या डब्या आणतात आणि नातेवाइकांत वाटतात. त्याच देशात आणखी एक मलम मिळते. लोकांना आपण आवडावे, त्यांनी आपले ऐकावे, गिऱ्हाइकाने दुकानात यावे म्हणून ते लावतात. मे महिन्याच्या सुट्टीत बँकॉकला गेलो तेव्हा ते जवळून पाहायला मिळाले.

चाओ फ्राया नदीवर ता फ्रा चान नावाचा धक्का आहे. जवळच थम्मासात विद्यापीठ आणि वाट महाथात हा जुना बौद्ध विहार. याच परिसरातल्या गल्ल्यांत ताइतांचा मोठा बाजार भरतो. डोळ्याला भिंग लावून बोटभर मूर्ती निरखणारे पुरुष जागोजागी दिसतात. इथे ताईत ‘विकत घेतला’ असे म्हणत नाहीत, ‘भाड्याने घेतला’ असे म्हणतात. पवित्र वस्तूचा सौदा करणे बरे दिसत नाही ना! पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात आणि वस्तू कोणी परत मागत नाही.

ताइतांच्या शेजारीच छोट्या डब्या मांडलेल्या असतात. आत पिवळसर मेण. त्याला ‘सी फुंग’ म्हणतात. ‘फुंग’ म्हणजे मधमाशी. मधमाशीचे मेण, खोबरेल तेल आणि सुगंधी फुले-पाने यांपासून ते बनवतात. मुळात ही साधी घरगुती वस्तू. पूर्वी थायलंडमध्ये घरोघरी विडा खाल्ला जाई. चुन्याने ओठ फुटत, म्हणून पानदानात या मेणाची डबी असे. 1940च्या दशकाच्या सुरुवातीला फिबुनसोंगख्राम यांच्या सरकारने पान खाण्यावर बंदी आणली आणि पानदाने हळूहळू दिसेनाशी झाली. मंतरलेल्या मेणाची डबी मात्र टिकून राहिली.

हे मेण एखादा भिक्खू किंवा जाणकार गुरू मंत्र म्हणून सिद्ध करतो, अशी समजूत आहे. त्या मंत्राला ‘खाथा’ म्हणतात. आपल्या ‘गाथा’ शब्दाचेच ते रूप. गुरूला ‘आचान’ म्हणतात, म्हणजे आचार्य. तिथे कॉलेजच्या शिक्षकांनाही हाच शब्द आहे. दुसऱ्याला आपल्याकडे ओढणाऱ्या गुणाला ‘सने’ म्हणतात, तो आपला ‘स्नेह’. स्नेह म्हणजे जिव्हाळा आणि स्नेह म्हणजे तेलकटपणाही! बोलण्यात गोडवा यावा म्हणून ‘सारिका लिन थोंग’, म्हणजे सोन्याच्या जिभेची साळुंकी. दुकान उघडण्यापूर्वी किंवा नोकरीच्या मुलाखतीला जाताना ओठांवर मेणाचे बोट फिरवायचे आणि खाथा म्हणायची.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे शब्द घरचेच वाटतात. मी अडखळले ती ‘मेत्ता महानियोम’ या नावाशी. महानियोम म्हणजे मोठी लोकप्रियता आणि मेत्ता म्हणजे मैत्री. बौद्ध शिकवणुकीत मेत्ता आपण इतरांना द्यायची असते, अगदी वैऱ्यालाही. डबीत शिरल्यावर मात्र तिची दिशाच उलटली. द्यायची गोष्ट मिळवायची झाली. थायलंडमधल्या बौद्धांनाही हे खटकलेले आहे. भिक्खू बुद्धदास (1906–1993) यांनी अशा मंतरलेल्या वस्तूंच्या नादाला लागण्यावर स्पष्ट टीका केली होती.

हे वाचून हसण्यापूर्वी आपण आपल्या घरात डोकावू या. मुंबईच्या लोकलमध्ये ‘बाबा’ लोकांची पत्रके चिकटवलेली असतात. रुसलेला नवरा परत आणून देतो, सासूला वश करून देतो, अशी आश्वासने. त्यांतली कितीतरी नावे आपल्यातलीच असतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने नवऱ्याचे मन वळवण्यासाठी अशाच एका आमिलला मुलीच्या फीचे पैसे दिले. बदल्यात मिळाली अत्तराची कुपी आणि चाळीस दिवसांचा वायदा. नवरा वळला नाही. मुलगी दोन महिने शाळेत आली नाही. त्या बाईला मूर्ख कसे म्हणावे? घरात तिच्याशी धड दोन शब्द बोलणारे कोणी नव्हते. त्या एकटेपणाचाच हा धंदा आहे.

आपल्याकडे तर याविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये ‘तिवला’चा शिर्कमध्ये समावेश केला आहे. तिवला म्हणजे नवऱ्याचे प्रेम मिळावे म्हणून केलेला जादूटोणा. सहीह बुखारीतील हदीसचा आशय असा की, अल्लाह ज्या बंद्यावर प्रेम करतो, त्याच्यासाठी पृथ्वीवर कबूलियत ठेवली जाते. उर्दूत लोकप्रिय माणसाला ‘मकबूल’ म्हणतात, म्हणजे स्वीकारला गेलेला. हा स्वीकार डबीत भरून विकता येत नाही.

त्याच दिवशी ता चांग धक्क्यावरून नावेत बसून आम्ही ओरिएंटल धक्क्यावर उतरलो. तिथून जवळच एका गल्लीत हारून मशीद आहे. भोवती मुसलमानांची जुनी वस्ती आणि हलाल खाण्याची छोटी दुकाने. एका दारात हिजाब घातलेली म्हातारी बसली होती. तिला थाई येई, मला मराठी आणि उर्दू. मी “अस्सलामु अलैकुम” म्हटले. तिने जवाब दिला, सरकून बाकावर जागा केली आणि पाण्याचा पेला पुढे धरला. बोलणे एवढेच झाले, पण आम्ही बराच वेळ शेजारी बसून होतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपसांतले प्रेम वाढवण्याचा उपाय सांगितला तो हाच: एकमेकांत सलाम पसरवा. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. बाहेर आपण सलाम करतोच, पण घरात शिरताना बायकोला, सुनेला, लेकरांना किती जण करतात? ज्या घरात सुनेला रोज आपुलकीचा सलाम मिळतो, त्या घरातून आमिलच्या दारी जायची तिला गरज वाटणार नाही.