रिकाम्या हातांची कमाई

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे निमंत्रण आले, तेव्हा आम्हा माजी विद्यार्थ्यांपुढे विषयांची वाण नव्हती. सहली, स्नेहसंमेलने, परीक्षेच्या रात्री, सारेच आठवत होते. परंतु एकत्र बसून बोलू लागलो, तेव्हा प्रत्येकाचे बोलणे फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबे : पहाटेचे मैदान आणि कराटेचा वर्ग.

डाळजची पहाट ज्याने वसतिगृहात राहून पाहिली आहे, त्याला ती वेगळी सांगावी लागत नाही. उजनीच्या पाण्यावरून येणारा बोचरा वारा, पुणे-सोलापूर महामार्गावरील मालमोटारींची घरघर, हिवाळ्यात जलाशयाच्या उथळ पाण्यात उतरलेले रोहित पक्षी. पाचची घंटा होताच आम्ही अनवाणी मैदानात उभे राहत असू. पावसाळ्यात काळी माती तळव्यांना चिकटे आणि पाय शेरभर जड होत.

प्रारंभी चाळीस जणांनी नावे दिली होती. चित्रपटात पाहिलेल्या उड्या आणि लाथा दुसऱ्याच दिवशी शिकायला मिळतील, अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात पहिले तीन महिने सरांनी आम्हाला केवळ उभे राहायला शिकवले. घोड्यावर मांड टाकल्यासारखी बैठक घ्यायची, पाठ ताठ ठेवायची आणि श्वास मोजायचा. मांड्या थरथरत, डोळ्यांत पाणी येई. दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्मी मुले परतली नाहीत. वर्षाच्या शेवटी आम्ही अकरा उरलो. सोडून गेलेले दुबळे होते असे नव्हे. त्यांत आमच्यापेक्षा चपळ मुले होती. आम्हालाही कितीदा वाटे की आज नको. असे कुणी म्हटले की सरांचे उत्तर ठरलेले असे : "मन खोलीतच राहू दे, पाय तेवढे घेऊन ये." चिकाटीची याहून सोपी व्याख्या आम्हाला पुढे कुठेही आढळली नाही. बहुधा पायांमागोमाग मनही येत असे.

सकाळच्या वंदनेत प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील ग्रहण करायचे आणि त्याच सकाळी ठोसा मारायला शिकायचे, हा विरोध आमच्या पालकांनाही खटकत असे. आमच्यातील एकीच्या आजीने तर मैदानावर येऊनच विचारले होते, "धम्माच्या शाळेत हाणामारी कशाला?" डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, हे आम्हाला पुढे वाचनातून कळले. सरांनी त्या दिवशी आजींना कराटे या शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला : रिकामा हात. ओकिनावातील शाळाशिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली ही विद्या जपानच्या मुख्य भूमीवर नेली. या नावात 'रिकामा' या अर्थाचे जे अक्षर त्यांनी स्वीकारले, तेच बौद्ध ग्रंथांत शून्यतेसाठी योजले जाते. कराटेत पहिला वार आपला नसतो, हा त्यांचा दंडक होता.

ही वाट आपल्या मातीलाही परकी नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. त्याच लहुजींच्या घरातील मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ज्यांना मान खाली घालून चालायला लावले गेले, त्यांच्या दृष्टीने ताठ उभे राहणे हाच पहिला धडा होता. तालीम आणि शाळा शेजारी शेजारी का असाव्यात, हे त्या घराने दाखवून दिले.

अर्थ ठाऊक असणे आणि तो अंगी बाणणे यांत अंतर असते. दुसऱ्या वर्षी आमच्यातील एकाने पाण्याच्या रांगेत धाकट्या मुलावर शिकलेला ठोसा चालवला. त्या मुलाचा ओठ फाटला. सर रागावले नाहीत. त्यांनी आम्हा अकराही जणांचे रंगीत पट्टे काढून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घोड्याची बैठक सुरू केली. चूक एकाची, मग शिक्षा सर्वांना का, असा राग आम्हाला आला होता. महिनाभराने तो मुलगा स्वतःहून त्या धाकट्याच्या खोलीत गेला. दोघांत काय बोलणे झाले ते आम्ही कधी विचारले नाही. पण दुसऱ्या पहाटे धाकटा आमच्या ओळीत शेवटी उभा होता.

अष्टांगिक मार्गातील सहावे अंग सम्यक व्यायाम. लहानपणी आम्हाला वाटे, ते या मैदानाविषयीच असावे. मोठेपणी त्याचे चार भाग समजले : न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले सोडणे, न उपजलेले कुशल उपजवणे आणि उपजलेले कुशल टिकवणे. पहिल्या तिन्हींना उत्साह पुरतो. चौथ्याला रोजची घंटा लागते.

आज आमच्यातील एक जण रात्रीची मालमोटार चालवतो, एक जण साखर कारखान्यात काट्यावर आहे, एक जण परिचारिका आहे. रात्रपाळीत रुग्णाचा नातेवाईक अंगावर धावून येतो, तेव्हा आपला श्वास आपोआप मोजला जातो, असे ती सांगते. ओठ फोडणारा आमचा मित्र पुण्यात महाविद्यालयात असताना त्याला चारचौघांत जातीवरून शिवी देण्यात आली. त्याचा हात उठू शकत होता. तो समोर ताठ उभा राहिला, शिवी देणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत त्याने आपले पूर्ण नाव सांगितले आणि मग रीतसर तक्रार नोंदवली. "मारता येत होते म्हणूनच थांबता आले, भ्यालो असतो तर एक तर पळालो असतो किंवा मारून बसलो असतो," असे तो म्हणतो. आमच्या साऱ्या शिक्षणाची मिळकत या एका वाक्यात आहे.

खरे सांगायचे तर अकरांपैकी चौघेच आजही नियमाने सराव करतात. उरलेल्यांचे गुडघे कुरकुरतात, संसार वेळ देत नाही. तरीही मागच्या भेटीत सारे पुन्हा त्या मैदानात अनवाणी उभे राहिलो. मांड्या पहिल्या दिवसासारख्याच थरथरल्या. पलीकडे नव्या मुलांची ओळ उभी होती आणि शेवटचा मुलगा सारखा वसतिगृहाच्या दाराकडे पाहत होता. आम्ही त्याला काही बोललो नाही. त्याचे पाय मैदानात होते, तेवढे पुरे होते.