मागचं दार, सर्व्हिस लिफ्ट

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या जुन्या मराठी घरांतून बाहेर पडलेली आमची पिढी आता नल्लाकुंटा, कुकटपल्ली, मियापूर अशी पांगली आहे. लग्नकार्यात भेटलो की बोलणं हटकून भांड्यांवर येतं आणि भांड्यांवरून ती घासणाऱ्या बाईवर. खाली दुकानांत पितळ किलोनं विकलं जायचं, वर आमच्या मोरीत तेच पितळ चिंच आणि राखेनं लख्ख व्हायचं. चिंच आमची, राख आमची, हात तिचे. ‘तशी बाई आता मिळत नाही,’ असं कुणीतरी म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. तशी म्हणजे कशी, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर अडचणीचं आहे: कमी पैशांत जास्त काम करणारी, आणि वर माया लावणारी.

ती नळाला पाणी यायच्या वेळेला यायची, म्हणजे बहुधा अंधारातच. मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा कान तुटलेला कप असे. आजी वरून चहा ओतायची, चहा पिऊन झाला की ती कप विसळून पालथा घालायची, आणि आजी त्याच्यावर पुन्हा पाणी शिंपडायची. मग सुरू व्हायचं ते बोलणं, ज्याची आम्हाला आज खरी आठवण येते. आजीची मराठी, तिची तेलुगू, आणि दोघींची भेट दखनीत.

‘क्या बाईसाब, आज बी बासीच?’

‘आज खा ले, कल ताजी देतूं.’

‘कल बी ऐसाइच बोले थे.’

दोघी हसायच्या. आम्हीही हसायचो. ‘कल’ उजाडला की नाही, याची नोंद कुणी ठेवली नाही.

तिच्याकडून काय काय आलं आमच्या घरात! अंबाडीची पच्चडी कशी करायची, खट्ट्या दाळीला बघार केव्हा द्यायचा, हे सगळं तिनं स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उकिडवं बसून आजीला सांगितलं. हैदराबादी मराठी स्वयंपाक म्हणून आम्ही पुण्याच्या पाहुण्यांपुढे जी ऐट करतो, तिच्यातली निम्मी त्या उंबऱ्याबाहेरून आलेली आहे. आमच्या आयांची बाळंतपणं तिनं काढली, शेक-शेगडी तिनं केली, आम्हाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. देवघरात मात्र तिचं पाऊल पडलं नाही. आम्हाला त्याचं कधी नवल वाटलं नाही, तिला वाटलं असेल तर तिनं सांगितलं नाही.

आता कोंडापूरच्या वीस मजली इमारतीत बाई येते ती सर्व्हिस लिफ्टनं. फाटकावर तिची वेळ फोनमध्ये नोंदली जाते, जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते. ‘फरशी, भांडी, दोन बाथरूम. गॅलरीचे पैसे वेगळे,’ ती पहिल्याच दिवशी सांगते आणि आमच्या सुना-मुलींना ते उद्धट वाटतं. तेव्हा बाईच्या कामाला मोजमाप नव्हतं, आता मिनिटांचा हिशेब आहे. तेव्हा आम्हाला तिचं नावही नीट ठाऊक नव्हतं, ‘धाकट्याची आई’ एवढ्यावर भागायचं. आता तिच्या आधार कार्डाची प्रत सोसायटीच्या ऑफिसात पडलेली असते. तिला नाव मिळालं, ते चोरी झाली तर सापडावी म्हणून. पण पगार तिच्या फोनवर जमा होतो, चहा नको असेल तर ती ‘नको’ म्हणते, आणि बाई तोंडावर ‘नको’ म्हणू शकते हे आम्ही उतारवयात प्रथम पाहतो आहोत.

‘ती आमच्या घरचीच होती,’ हे आमचं लाडकं वाक्य. घरचीच, म्हणून पगार ठरवायचा नाही. घरचीच, म्हणून सुट्टी कसली? सद्दुला बतुकम्माच्या दिवशी तिला तिच्या वस्तीत फुलांची बतुकम्मा रचायची असे, आणि आमच्याकडे त्याच दिवसांत नवरात्राचा धबडगा. देवी एकच, सण दोन आणि राबणारी एकच. दरवर्षी भांडण व्हायचं, दरवर्षी ती आमची भांडी उरकून मगच जायची. पोरीच्या लग्नाला आजोबांनी तिला पैसे दिले, हे आम्ही आजही अभिमानानं सांगतो. ते पैसे तिच्या पगारातून वर्षानुवर्षं कापले गेले आणि ती दुसरं घर धरू शकली नाही, हे सांगायचं राहून जातं. तिची मधली मुलगी आमच्या बरोबरीची. आम्ही दप्तर घेऊन जांबागेत विवेकवर्धिनीत जायचो, ती आमचे डबे घासायची. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर बंदी आली ती २००६ च्या ऑक्टोबरात. तोवर तिची नातवंडंसुद्धा चौदाच्या पुढे गेली असतील.

या ‘घरच्या’ माणसाची वंशावळ काढायला बसलो तर हौस फिटते. तेलंगणातल्या देशमुखांच्या गढीत मुलगी सासरी निघाली की तिच्या सोबत एक दासी पाठवायची रीत होती. आडबापा म्हणत तिला. आपण मराठी माणसांनी नाक मुरडायचं कारण नाही, पेशवाईतल्या कुणबिणींची खरेदी-विक्री आपल्याच दप्तरांत नोंदलेली आहे. आमचा मोहल्लाही एका बेगमेच्या उदारपणाचा. दुसऱ्या निजामाच्या हमदा बेगमेनं ही जागा व्यापाऱ्यांना दिली, असं सांगतात. तिच्या महालात पाणी भरणाऱ्या मामांना, म्हणजे मोलकरणींना, काय दिलं, ते कुणी सांगत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर १९५९ साली पां. ना. राजभोज यांनी राज्यसभेत घरनोकरांसाठी विधेयक मांडलं होतं. किमान मजुरी, कामाच्या तासांना मर्यादा, आठवड्याची सुट्टी. आजीच्या मोरीतलं पितळ लखलखत होतं तेव्हाची ही गोष्ट. विधेयकाचा कायदा झाला नाही, आणि आमच्या घरात त्याची चर्चा झाल्याचं कुणाला आठवत नाही. १९८० मध्ये पुण्यात आजारपणात खाडे झाले म्हणून एका बाईला काढलं, तेव्हा मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुण्याच्या आत्यांनी हे इतक्या संतापानं सांगितलं होतं की काहीतरी बरं घडलं असावं, अशी शंका आम्हाला तेव्हाच यायला हवी होती. २००७ मध्ये आंध्र सरकारनं घरकामाला किमान वेतन लागू केलं, २००८ मध्ये महाराष्ट्रानं कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली जिनिव्हात घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला; भारतानं बाजूनं मत दिलं आणि मंजुरी अजून दिलेली नाही. आजीचं ‘कल ताजी देतूं’ इतकं दूर पोचलं होतं तर. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या जानेवारीत केंद्राला समिती नेमून कायद्याचा विचार करायला सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये अर्बन कंपनीनं मुंबईत पंधरा मिनिटांत बाई घरी पाठवायची सोय काढली.

पंधरा मिनिटांत! आमच्याकडे बाई उशिरा आली की आजी गॅलरीत येरझाऱ्या घालायची, समोरच्या मारवाडणीला ओरडून विचारायची, शेवटी कुणा पोराला पुराना पुलाजवळच्या तिच्या वस्तीत पिटाळायची. पोरगा तिच्या घरात जाऊन यायचा. एकच खोली, चूल, ताप आलेलं लेकरू, हे तरी कुणीतरी डोळ्यांनी पाहायचं. त्या पाहण्यानं पगार वाढला असं नाही. फार तर संध्याकाळी डब्यात खिमट जायचं. आता एक बाई नाही आली तर फोनवर दुसरी येते, आणि पहिलीला काय झालं हे कळायचं कारणच उरत नाही. आम्ही हळहळतो ते यासाठी, असं आम्ही म्हणतो. खोटं नाही ते. पण हळहळायला वेळ मिळतो, तो आजही भांडी दुसरं कुणी घासतं म्हणून.

मागच्या दिवाळीत सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांनी एकमतानं निरोप धाडला: पोस्त म्हणून जुनी साडी आणि फराळाचा डबा नको, एक महिन्याचा पगार द्या. आमच्यातल्या पुष्कळांना ते लागलं. केवढ्या प्रेमानं आजी तो डबा भरायची, वर चिरोटे, खाली गेल्या आठवड्यातला चिवडा! तरी पैसे दिले, फोनवरूनच. आकडा टाकताना शेवटच्या शून्यापाशी बोट थोडं रेंगाळलं, एवढंच.